रेझिनची वस्तू ग्राहकाच्या हातात का तुटते?



रेझिनचा व्यवसाय सुरू करताना बहुतेक जण दुकानात एकच प्रश्न विचारतात, "किलोला किती?" पण त्याआधी स्वतःला विचारा, माझी वस्तू हातातून पडली तर काय होईल?

एक फरक डोक्यात पक्का करा. कडक असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. काच कडक असते, पण पडली की संपली. प्लास्टिकच्या बादलीवर लगेच ओरखडे येतात, पण आपटली तरी ती चालते. रेझिनचंही तसंच आहे.

इपॉक्सी : महाग, पण बऱ्यापैकी चिवट. लाकडाला घट्ट धरतं, आकसतं कमी. ट्रे, नेमप्लेट, घड्याळ, कीचेन यासाठी चांगलं. मात्र साधं इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. कोस्टर विकणार असाल तर डब्यावर किती तापमान सहन होतं ते वाचा, नाहीतर गरम चहाच्या कपाचा ठसा उमटेल.

पॉलिएस्टर : स्वस्त, कडक, पण ठिसूळ. वास उग्र, आणि सेट होताना आकसतं. पातळ वस्तूचा कोपरा पटकन उडतो. फायबरच्या होड्या याचपासून बनतात, पण तिथे ताकद देते ती आतली काचेच्या धाग्यांची चटई. नुसत्या रेझिनकडून ती अपेक्षा ठेवू नका.

पॉलियुरेथेन : धक्का चांगला सोसतं. छोट्या मूर्ती, खेळण्यांचे भाग यासाठी उत्तम. पण बरेचसे प्रकार काही मिनिटांतच घट्ट होतात, आणि ओलावा लागला की फेस येतो. पावसाळ्यात डबा उघडा ठेवू नका.

यूव्ही रेझिन : दिव्याखाली काही मिनिटांत तयार. कानातले, छोटी पेंडंट यापुरतं ठीक. थर पातळच द्या. जाड थरात आतला भाग कच्चा राहू शकतो.

आता दोन चुका टाळा. पहिली, "जास्त हार्डनर म्हणजे जास्त मजबूत" हा समज. इपॉक्सीत प्रमाण बिघडलं की वस्तू चिकट, मऊ किंवा ठिसूळ होते. प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, तेही बघा; दोन्ही एक नसतं. दुसरी, कीचेनचं भोक अगदी कडेला पाडणं. तुटायला सुरुवात तिथूनच होते.

हिशोब बघा. समजा स्वस्त रेझिनमुळे एका कीचेनमागे 5 रुपये वाचले. 100 नगांवर 500 वाचले. त्यातले फक्त 5 तुटून परत आले आणि प्रत्येकी 60 रुपयांचा नवा नग व 60 रुपये कुरिअर लागलं, तर 600 गेले. वर ग्राहक गेला तो वेगळाच.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी एकाच साच्यातून तीन नग काढा. इपॉक्सी असेल तर आठवडाभर थांबा, कारण वरून सुकलेलं दिसलं तरी पूर्ण ताकद यायला वेळ लागतो. मग एक नग टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाका, एक दुपारी उन्हात ठेवा, एक किल्ल्यांसोबत खिशात वापरा. जे टिकेल तेच विका.

काम करताना हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. चला, कामाला लागा!