टीव्ही ‘हजर’ का म्हणत नाही?

मोबाइलवर चित्र दिसते, आवाज येतो. पण तेच टीव्हीवर लावायला जावे तर मोबाइल म्हणतो, ‘एकही उपकरण सापडले नाही.’ टीव्ही चालू असतो, त्यावर यूट्यूबही नीट चालते, इंटरनेटचे पैसे भरलेले असतात. दुबईहून नातवाच्या अकीक्याचे चित्रण आलेले असते आणि दादीजानना मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बाळाचा चेहराही धड दिसत नाही. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात : ‘टीव्ही बिघडला’ किंवा ‘मोबाइल जुना झाला’.

बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. टीव्ही ठणठणीत असतो, मोबाइलही ठणठणीत असतो. दोघांच्या मध्ये कुठेतरी एक भिंत उभी असते. ती शोधणे घरातल्या अम्मींना किंवा आठवीतल्या मुलीलाही जमते. नवा टीव्ही घेण्याआधी एवढे करून पाहावे.

ही हजेरी कशी होते?

वर्गात गुरुजी हजेरी घेतात तसेच हे आहे. आपण ‘कास्ट’चे चिन्ह दाबले की मोबाइल घरभर हाक देतो, ‘चित्र दाखवणारे कोण कोण आहे?’ टीव्ही ती ऐकून आपले नाव आणि पत्ता सांगतो. या पद्धतीला मल्टिकास्ट डीएनएस म्हणतात. ॲपल कंपनीने २००२ मध्ये ती आपल्या संगणकांत आणली आणि २०१३ मध्ये तिला इंटरनेटच्या मानकांत जागा मिळाली. आज कास्ट करणारे टीव्ही, प्रिंटर, स्पीकर अशी अनेक उपकरणे हीच पद्धत वापरतात.

या हाकेचा एक नियम लक्षात ठेवावा. ती आपल्या नेटवर्कमध्येच फिरते, राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. यूट्यूब बाहेरच्या रस्त्याने येते, हजेरी मात्र घरातल्या घरात होते. म्हणून ‘इंटरनेट तर चालू आहे!’ हा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट. वायफायवर एका उपकरणाला पाठवलेल्या संदेशाची पोच मिळते. पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवला जातो. सर्वांना उद्देशून दिलेल्या हाकेला अशी पोच नसते. ती हवेत विरली तर विरली. म्हणूनच राउटरपासून लांब, दोन भिंतींआड ठेवलेला टीव्ही कधी यादीत दिसतो, कधी दिसत नाही.

एकेक भिंत तपासू या

पहिली भिंत : दोन वेगळी नेटवर्क. मोबाइल स्वतःच्या मोबाइल डेटावर तर नाही ना, हे आधी पाहावे. मग मोबाइल आणि टीव्ही, दोन्हींच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी पत्ता पाहावा. घरगुती नेटवर्कमध्ये सहसा पहिले तीन आकडे सारखे असतात. मोबाइल १९२.१६८.१.५ आणि टीव्ही १९२.१६८.१.९ असेल तर दोघे एकाच ठिकाणी आहेत. टीव्ही १९२.१६८.०.९ दाखवत असेल तर तो दुसरीकडे आहे. आपल्या राजारामपुरीत पत्ता सांगताना आधी गल्लीचा नंबर सांगतात, मग घराचा. इथेही पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर. आठव्या गल्लीत दिलेली हाक नवव्या गल्लीत कशी ऐकू येणार?

हे बऱ्याचदा अशा घरांत होते जिथे फायबरवाल्याने एक राउटर बसवला आणि वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचावे म्हणून आपण दुसरा आणला. दोघेही आपापली गल्ली वसवतात. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडावा. मग तो वेगळी गल्ली न करता पहिल्याचीच लांबवतो.

दुसरी भिंत : पाहुण्यांचे वायफाय. अनेक राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ असते. त्यावरच्या उपकरणांना घरातली इतर उपकरणे दिसू नयेत, अशीच त्याची रचना असते. टीव्ही चुकून त्यावर जोडला गेला असेल तर तो कुणालाच सापडणार नाही. काही राउटरवर मुख्य वायफायलाही ‘एपी आयसोलेशन’ नावाचे बटण असते. ते चालू असेल तर प्रत्येक उपकरण एकटे पडते. घरच्या वायफायवर ते बंद असावे.

तिसरी भिंत : मोबाइलच्या आतली. व्हीपीएन ॲप चालू असेल तर बंद करून पाहावे. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते. अँड्रॉइड १३ पासून काही ॲप ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी मागतात. घाईत आपण ‘नको’ म्हटलेले असते आणि ॲपचे तोंड बंद होते. विंडोज लॅपटॉपवर घरचे वायफाय ‘पब्लिक’ असे नोंदलेले असेल, तर ते ‘प्रायव्हेट’ करावे.

चौथी भिंत : भाषा. मोबाइलचा पूर्ण पडदा टीव्हीवर दाखवण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत : गूगल कास्ट, ॲपलची एअरप्ले आणि मिराकास्ट. एकाच वर्गात बसूनही हाक एका भाषेत आणि विद्यार्थी दुसऱ्या भाषेचा, असे झाले तर उत्तर येत नाही. आयफोनचा पडदा दाखवायचा तर टीव्हीला एअरप्ले यायला हवे. टीव्ही घेताना दुकानात हे विचारून घ्यावे.

यातून काहीच साधले नाही तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. तो स्थिर झाल्यावर टीव्ही आणि शेवटी मोबाइल बंद-चालू करावा. टीव्हीचे नुसते रिमोटचे बटण दाबू नये, भिंतीवरचा स्विच बंद करावा. तातडी असेल तर यूट्यूबपुरता आणखी एक मार्ग आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मिळणारा कोड मोबाइलच्या यूट्यूबमध्ये टाकला, की दोघे एका वायफायवर नसले तरी जोडले जातात.

कधी दोष कंपनीचाही असतो

जानेवारी २०१८ मध्ये जगभर अनेक घरांतले वायफाय अचानक कोलमडू लागले. राउटर बनवणाऱ्या टीपी-लिंक कंपनीच्या अभियंत्यांनी शोध घेतला. गूगलची काही उपकरणे एरवी दर २० सेकंदांनी हाक देतात. पण झोपेतून जागी झाल्यावर ती थोड्या वेळात एक लाखाहून अधिक हाका मारत होती. गूगलने पुढे ती चूक दुरुस्त केली.

मार्च २०२५ मध्ये २०१५ सालचे क्रोमकास्ट जगभर बंद पडले. कारण होते आत साठवलेल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपणे. त्या वेळी गूगलने लोकांना बजावले की ‘फॅक्टरी रीसेट’ करू नका. ज्यांनी घाईने ते केले होते, त्यांचे काम उलट वाढले. म्हणून सर्व काही पुसून टाकणारे ते बटण अगदी शेवटी दाबावे.

दार किती उघडावे?

टीव्ही सापडत नाही म्हणून कुणी राउटरमध्ये ‘पोर्ट उघडा’ असे सुचवले, तर ऐकू नये. जानेवारी २०१९ मध्ये राउटर बाहेरच्या जगाला उघडे राहिल्यामुळे हजारो घरांतल्या टीव्हींवर हॅकरांनी स्वतःचा व्हिडिओ चालवला होता. घरातल्या हजेरीसाठी रस्त्यावरचे दार उघडावे लागत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. शेजाऱ्याच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा असते, भाडेकरूचे रिचार्ज संपलेले असते. अशा वेळी वायफायचा पासवर्ड देणे ही माणुसकी आहे, तो जरूर द्यावा. पण मुख्य वायफायचा दिला तर आपला टीव्ही त्यांच्या मोबाइलच्या यादीत दिसू लागतो. त्यांच्या मुलाने चुकून दाबलेला व्हिडिओ आपल्या बैठकीत, मेहमानांसमोर सुरू होऊ शकतो. शेजाऱ्यांना गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड द्यावा. मघाची भिंत इथे उपयोगी पडते. त्यांचे कामही होते आणि दोन्ही घरांचा पडदाही राहतो.

बहुतेक घरांत हे सारे एकाच मुलाला माहीत असते. तो शिकायला पुण्याला गेला, की घर अडून बसते. म्हणून टीव्हीला ‘हॉलचा टीव्ही’ असे ओळखीचे नाव द्यावे. वहीच्या एका पानावर दोन्ही वायफायची नावे, पासवर्ड, राउटर उघडण्याचा पत्ता आणि वरच्या चार भिंती मराठीत किंवा उर्दूत, ज्यात घरच्यांना सोपे वाटेल त्यात, लिहून कपाटाच्या आत चिकटवावे. आणि पुढच्या वेळी टीव्ही सापडला नाही, तर ते पान सर्वांत आधी अम्मींच्या हाती द्यावे.