विश्लेषण : घरासाठी स्वस्त एलिप्टिकल घेताय? आधी छत, फरशी आणि जिना मोजा!

शहाडहून पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठायची आणि रात्री आठ-नऊला घरी परतायचे. अशा वेळापत्रकात जिमसाठी वेळ कुठून काढणार? पुलाकडच्या रस्त्यावर वाहनांची रांग आणि धूळ, त्यामुळे तिथे चालायला जायचाही कंटाळा येतो. म्हणून अनेक जण मोबाइलवर 'होम जिम' शोधतात आणि एलिप्टिकल, म्हणजेच क्रॉस ट्रेनरवर येऊन थांबतात. पण हौसेने घेतलेले यंत्र पुढे टॉवेल वाळवायच्या कामी येऊ नये, यासाठी काय पाहावे?

एलिप्टिकल म्हणजे नेमके काय?

यात दोन पेडलवर उभे राहून पाय लंबगोल मार्गाने फिरवायचे आणि दोन्ही हातांनी दांडे मागे-पुढे ढकलायचे. पाऊल पेडलवरून उचलले जात नाही. त्यामुळे धावताना गुडघ्यांना बसतो तसा दणका इथे बसत नाही. अर्थात, गुडघा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र घेऊ नका. १९९०च्या दशकाच्या मध्यावर हे यंत्र अमेरिकेतील जिममध्ये आले आणि त्यानंतर जगभर पसरले.

व्यायाम किती हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान अर्धा तास. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. बैठे काम आणि लांबचा प्रवास करणाऱ्यांनी ही बाब गांभीर्याने घ्यायला हवी.

कोणत्या किमतीत काय मिळते?

साधारण १० ते १५ हजारांत 'ऑर्बिट्रेक' पद्धतीची हलकी यंत्रे मिळतात. यातल्या अनेकांत चाकावर पट्टा घासून अवरोध निर्माण केला जातो. पट्टा झिजतो, आवाज वाढतो. १५ ते ३० हजारांत मॅग्नेटिक यंत्रे मिळतात. फिरत्या चाकाजवळ चुंबक आणला की चाकात भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते गतीला विरोध करतात. काहीच घासत नसल्याने झीज आणि आवाज दोन्ही कमी. बजेट थोडे ताणता येत असेल तर मॅग्नेटिकच घ्या. हाताने अवरोध बदलायच्या बहुतेक मॉडेलना वीजजोडणी लागत नाही, छोट्या पडद्यासाठी सेल पुरतात. वीज गेली तरी व्यायाम थांबत नाही.

जाहिरातीतले कोणते आकडे पाहायचे?

* स्ट्राइड, म्हणजे पावलाची लांबी : जिममधील यंत्रांत ती साधारण १८ ते २० इंच असते. स्वस्त यंत्रांत ती १० ते १२ इंचांपर्यंत खाली येते. उंच माणसाला त्यावर जागच्या जागी जिना चढल्यासारखे वाटते. उंची साडेपाच फुटांहून जास्त असेल तर १४ इंचांपेक्षा कमी नको.
* फ्लायव्हील : फक्त वजन पाहू नका, व्यासही विचारा. तेवढ्याच वजनाच्या आणि त्याच घडणीच्या चाकाचा व्यास दुप्पट केला तर त्याचे जडत्व चौपट होते आणि पेडल झटके न देता फिरते.
* वजनक्षमता : घरातील सर्वांत जड व्यक्तीच्या वजनापेक्षा किमान २० किलो जास्त हवी.
* कॅलरीचा आकडा : याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. वजन आणि वय न विचारता दाखवलेला आकडा हा ढोबळ अंदाजच असतो.

छत का मोजायचे?

पेडल वर येते तेव्हा पाय जमिनीपासून ३० ते ४० सेंटिमीटर उंच असतात. सहा फूट, म्हणजे १८३ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हिशेब करू : १८३ अधिक ४० अधिक सुरक्षित अंतर १०, एकूण २३३ सेंटिमीटर. नऊ फुटी छताखाली हे बसते, पण छताच्या पंख्याखाली धोका आहे. पोटमाळ्याखाली तर यंत्र ठेवूच नका.

फरशीला भार पेलेल का?

भारतीय मानक आयएस ८७५ नुसार घरातील खोल्यांच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरतात. ४५ किलोचे यंत्र आणि ७५ किलोची व्यक्ती मिळून १२० किलो होतात. १२० बाय ६० सेंटिमीटर जागेत हा भार चौरस मीटरला साधारण १६७ किलो पडतो. म्हणजे सुस्थितीतील इमारतीत काळजीचे कारण नाही. पण शेजारच्या उल्हासनगरमध्ये मे २०२१ मध्ये इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली होती, हे विसरू नका. इमारत जुनी असेल, छतातून गळती असेल, प्लास्टर सुटत असेल, तर आधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटची चौकशी करा. यंत्र भिंतीलगत ठेवा, बंदिस्त केलेल्या बाल्कनीत नको. खाली रबरी मॅट अंथरली की खालच्या मजल्यावरची तक्रारही टळते.

ऑर्डर देण्याआधी काय विचारायचे?

* खोके घरापर्यंत येणार की इमारतीच्या दारापर्यंत? लिफ्ट नसलेल्या इमारतीत हा प्रश्न सर्वांत आधी.
* जोडणी कोण करणार? कल्याण-उल्हासनगर परिसरात तंत्रज्ञ येतो का?
* वॉरंटीत बेअरिंग आणि पट्टा धरले आहेत का?
* खोके उघडतानाचा व्हिडीओ काढून ठेवा. वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

जुने यंत्र घेत असाल तर दहा मिनिटे स्वतः चालवून पाहा. सांध्यांत खडखड किंवा पेडलमध्ये ढिलेपणा जाणवला तर परत फिरा. घरात लहान मूल असेल तर फिरत्या सांध्यांत बोटे अडकण्याचा धोका लक्षात घ्या. वीज नसली तरी पेडल फिरतात.

घ्यायचे की नाही, कसे ठरवायचे?

चार बाय दोन फुटांचा वर्तमानपत्राचा कागद हॉलमध्ये आठवडाभर अंथरून ठेवा. दार उघडते का, रात्री अंथरुणे पडतात का, हे कळेल. त्याच वेळी तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास चाला, मग गच्चीवर का होईना. तीन आठवडे ही वेळ पाळता आली तर यंत्र वापरले जाण्याची शक्यता चांगली आहे. पाळता आली नाही तर निदान २० हजार रुपये वाचले, आणि गच्ची तर मोफतच आहे.