चप्पल महिन्याला कितीला पडते?

दिवाळीच्या खरेदीत साड्यांना दोन दिवस, फराळाच्या सामानाला एक दिवस आणि चपलांना उरलेली पंधरा मिनिटे, अशी बहुतेक घरांतली वाटणी असते. त्या पंधरा मिनिटांत एक वाक्य हमखास कानी पडते : "बायकांच्या चपला काय, स्वस्तच असतात!" आमच्या धाराशिवच्या बाजारात हिंडले तर हे वाक्य अगदीच खोटे म्हणवत नाही. पुरुषांच्या सँडलला हजाराच्या घरात मोजावे लागतात, तेथे बायकांची नाजूक जोडी निम्म्यात मिळते. प्रश्न एवढाच, की ती निम्म्या किमतीची जोडी चालते किती दिवस?

मी मराठीची प्राध्यापिका. गणिताशी माझा संबंध जमाखर्चाच्या वहीपुरता. त्या वहीत सापडले ते असे : आमच्या यांची ९०० रुपयांची चामडी सँडल २४ महिने चालली. माझी ४८० रुपयांची जोडी आठ महिन्यांत निकालात निघाली. म्हणजे त्यांच्या एका जोडीच्या काळात माझ्या तीन जोड्या झाल्या आणि खर्च १,४४० रुपये! त्यांना महिना पडला साडेसदतीस रुपये, मला साठ. स्वस्त कोणाची, ते वाचकांनीच ठरवावे.

याचे कारण मला कोपऱ्यावर बसणाऱ्या चांभारकाकांनी समजावले. माझी चप्पल उलटी करून ते म्हणाले, "ताई, ह्याला टाका घालायचा कुठं? कडाच न्हाई!" पुरुषांच्या जाड सोलला कड असते, तेथून शिवण घालता येते. बायकांच्या पुष्कळशा चपलांचा पातळ सोल नुसत्या सोल्युशनने चिकटवलेला असतो. पट्टाही अरुंद, सारा भार दोन बारीक टोकांवर. एकदा तुटली की दुरुस्तीला जागा नाही.

दुकानदारांचीही बाजू आहे. पुरुषांचा काळा आणि तपकिरी रंग वर्षानुवर्षे चालतो. बायकांचे नमुने मात्र हंगामागणिक बदलतात. प्रत्येक नमुन्याच्या थोड्याच जोड्या येतात आणि न खपलेला माल अंगावर पडतो. हा धोका कोठेतरी वसूल व्हायचाच. तो कधी किमतीतून होतो, कधी मालातून.

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असेही नाही. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहकखात्याने २०१५ साली कपडे, खेळणी, साबण-शांपू अशा सुमारे ८०० वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या. बायकांसाठीच्या वस्तू सरासरी ७ टक्क्यांनी महाग निघाल्या. अमेरिकेच्या जकातीच्या कोष्टकात तर चामडी बुटांच्या एका मोठ्या वर्गावर पुरुषांसाठी मूळ दर साडेआठ टक्के आणि बायकांसाठी दहा! आपला जीएसटी हा भेद करीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के आणि त्यावरच्या जोडीला १८ टक्के. पाय कोणाचा, हे तो विचारीत नाही.

फरक प्रामाणिक कसा असावा, हे पाहायचे तर कोल्हापुरी चप्पल पाहावी. २०१९ साली तिच्या भौगोलिक मानांकनाची वार्ता आली. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे चार-चार जिल्हे आहेत आणि आमच्या शेजारचा सोलापूरही आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळ्याला थारा नाही. पुरुषाची जोडी बाईच्या जोडीहून महाग असली, तर बहुधा चामडे अधिक लागते म्हणून. घडण दोघींची एकच. तिच्यावरची नाजूक वेणी पुष्कळदा कारागिरांच्या घरातल्या बायकाच घालतात. ही चप्पल तुटली तर पुन्हा शिवता येते.

आता पायाविषयी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखांहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद आढळले. रुंद पाऊल अरुंद चपलेत कोंबले, की पट्टा ताणतो आणि चपलेबरोबर पायही दुखावतो.

हा सारा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो तो आमच्या विद्यार्थिनींमुळे. खेड्यातून येणारी मुलगी सकाळी फाट्यापर्यंत चालते, तेथून एस.टी. धरते. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल पातळ सोल पायाखालून ओढून घेतो. चप्पल तुटली की एस.टी. चुकते, एस.टी. चुकली की तास बुडतो. घरी नव्या जोडीसाठी सोयाबीनच्या पट्टीची वाट पाहायची. भावाला मात्र "शहरात जातो, टिकाऊ हवेत" म्हणून बूट घेतलेले असतात. ती कोठे जाते मग?

तेव्हा यंदा चपलांना पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास द्यावा. खरेदी शक्यतो संध्याकाळी करावी, कारण दिवसभर चालून पाऊल थोडे फुगलेले असते. जोडी उलटी करून कडेला शिवण आहे का ते पाहावे, सोल वाकवून पाहावा, पट्टा ओढून पाहावा. चार पावले चालावे. लहान मापात पुरुषांची जोडी बसत असेल, तर ती मागायला लाजू नये. आणि किंमत विचारल्यावर दुकानदाराला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : "किती महिने चालेल?" त्याचे उत्तर डोळ्यांत पाहून आले, तर जोडी बांधून घ्यावी, आणि घरात लेक असेल, तर तिची जोडी आधी निवडावी.