प्रोग्रामचा रोजनामा

रेणापूरच्या तहसील कचेरीत महसुली प्रकरणाचा रोजनामा तारीखवार लिहिला जातो आणि मागील नोंद खोडून पुढील नोंद करता येत नाही. हाच शिरस्ता पायथन या संगणकभाषेच्या २.३ या आवृत्तीत, म्हणजे २००३ साली, दाखल झालेल्या ‘लॉगिंग’ मोड्यूलने प्रोग्रामला लावून दिला, आणि पडद्यावर उमटून लुप्त होणारे आउटपुट फाइलीत वेळेसह कायम राहू लागले. फाइल ‘डब्ल्यू’ पद्धतीने उघडल्यास पूर्वीचा सर्व मजकूर नष्ट होतो, म्हणून मोड्यूलने मुळातच योजलेली, जुन्याच्या शेवटी भर घालणारी ‘ए’ ही पद्धत श्रेयस्कर. नोंदीच्या गांभीर्याची पातळी न सांगितल्यास ‘वॉर्निंग’हून खालच्या नोंदी दप्तरी दाखलच होत नाहीत, हे नवशिक्याने आवर्जून ध्यानी धरावे. देवनागरी मजकुरासाठी ‘यूटीएफ-८’ स्पष्टपणे नमूद करावे. मोड्यूलची मांडणी ठरवणाऱ्या ‘बेसिककॉन्फिग’ या फंक्शनमध्ये ते नमूद करण्याची सोय पायथन ३.९ पासून आहे.