दुधाच्या दातांची राखण

मुलांची उंची, वजन आणि परीक्षेतील गुण यांची आपल्या घरांतून जेवढी चिंता वाहिली जाते, तेवढी त्यांच्या दातांची वाहिली जात नाही. त्यातून दुधाचे दात म्हणजे चार दिवसांचे पाहुणे! "आज ना उद्या पडणारच, मग त्यांच्यावर खर्च कशाला?" असे ग्वाल्हेरच्या माझ्या दवाखान्यात आजीआजोबा म्हणतात, आणि पुष्कळदा सुशिक्षित आईवडीलही. त्यांपैकीच काही मुलांना पुढे तेराव्या वर्षी, दात एकावर एक चढले म्हणून, माझ्याकडे आणले जाते. या दोन गोष्टींचा संबंध ध्यानात यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुधाचे दात २०, कायमचे ३२. दुधाचा दात चावण्याचे काम करतोच, शिवाय आपल्या वारसासाठी जागा राखून ठेवतो. खालच्या जबड्यातील पुढचे चार कायमचे दात त्यांच्या जागच्या दुधाच्या दातांपेक्षा एकत्रितपणे सुमारे ६ मिलिमीटर अधिक रुंद असतात. ही तूट बऱ्याच अंशी दुधाच्या दातांमधील फटींतून भरून निघते. म्हणून पाच वर्षांच्या मुलाच्या दातांत फटी दिसल्या तर ते व्यंग नव्हे, शुभलक्षण होय. मोत्यांच्या सरासारखे चिकटून बसलेले दुधाचे दात पाहून मात्र मी सावध होतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नसल्याने तीही दुधाचीच समजली जाते. या दाढेचा कल पुढे सरकण्याकडे असतो. तिला थोपवते ती पुढची दुधाची दाढ. थंडीत आपल्या घरोघरी मुरैन्याची गजक असते. ती दाढांच्या खाचांत चिकटते, मूल तसेच झोपी जाते, कीड लागते, आणि ठणका लागला की दाढ काढून टाकली जाते. मग मागची दाढ पुढे झुकते, आणि दहा-बारा वर्षांच्या वयात येणारी उपदाढ अडकून पडते किंवा वाकडी बाहेर येते. "मूल वाढेल तशी जागा होईल" ही आशा येथे फोल ठरते. कारण त्या वयात दातांची कमान लांबते ती मुख्यतः मागच्या बाजूला.

माझ्याकडे आलेल्या दोन बहिणींचे उदाहरण देतो. थोरलीच्या खालच्या दोन्ही दुधाच्या दाढा सहाव्या वर्षीच काढलेल्या होत्या. तेराव्या वर्षी तिच्या निरोगी उपदाढा काढून दोन वर्षे तारा बांधाव्या लागल्या. धाकटीची किडलेली एक दाढ वेळीच भरली; दुसरी काढणे भागच होते, तेथे तारेचा छोटासा स्पेस मेंटेनर बसवला. तिचे दात काढावे लागले नाहीत. दोघींच्या जबड्यांची ठेवण अगदी सारखी होती असे नाही. तरी जागा राखल्याचा लाभ उघड होता.

याचा अर्थ प्रत्येक लहान मुलाला तारा बांधाव्यात असा नव्हे. आठ-नऊ वर्षांच्या वयात खालच्या पुढच्या दातांत एक-दोन मिलिमीटरची दाटी असणे स्वाभाविक आहे. वरच्या दातांमधील फटही सुळे येताना पुष्कळदा आपोआप मिटते. तेथे वाट पाहणे हाच उपचार. मात्र वरचे दात खालच्या दातांच्या आत बसणे, चावताना जबडा एका बाजूला सरकणे, कायमचे दात आल्यावरही अंगठा चोखणे, यांकडे लवकर लक्ष द्यावे. फार पुढे आलेल्या दातांवर लवकर उपचार केल्याने ते पडझडीत तुटण्याची शक्यता घटते. परंतु अंतिम ठेवण किशोरवयातील उपचाराइतकीच होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. पालकांना हे स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे.

बालरोगतज्ज्ञ आणि कुटुंबवैद्य मित्रांना माझी विनंती आहे: मुलाचा घसा पाहताना अर्धा मिनिट दातांकडेही पाहावे, आणि सातव्या वर्षी एकदा तरी ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवावे. पालकांनी दुधाची दाढ काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "हिची जागा कोण राखणार?"