आरोग्यधाम ते आधार गट : सातारा-सांगलीतील समूहोपचाराचा मागोवा

दीर्घकालीन शारीरिक आजाराच्या रुग्णांना ठरावीक वेळी एकत्र बसवून, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली त्यांच्या भीतीविषयी, खचलेपणाविषयी आणि औषध सोडून देण्याच्या प्रवृत्तीविषयी मोकळेपणाने बोलते करणे, हा समूह-मानसोपचाराचा एक प्रकार आहे. समूह-मानसोपचाराचा उगम मनोरुग्णालयात नव्हे, तर क्षयरोग्यांच्या उपचारात झाला. बोस्टनचे वैद्य जोसेफ प्रॅट यांनी 1905 साली आरोग्यधामाचा खर्च न पेलणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. प्रत्येक रुग्ण ताप, आहार आणि विश्रांती यांची नोंदवही घेऊन येई, त्याचे वजन होई आणि एकाची सुधारणा सर्वांसमोर वाचली जाई. हा वर्ग शिस्त लावण्यासाठी होता. परंतु रुग्णांना बळ येते ते एकमेकांच्या सोबतीने, हे प्रॅट यांच्या हळूहळू ध्यानात आले.

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत क्षयरोग्यांचे समूह त्याच काळात तयार झाले, मात्र त्यांना उपचार असे कोणी म्हटले नाही. पाचगणीच्या कोरड्या हवेत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 साली बेल-एअर आरोग्यधाम काढले, तर मिरजेत 1894 साली मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने वसलेल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय झाले. घरात ताट-वाटी वेगळी झालेला माणूस तेथे महिनोन्महिने आपल्यासारख्यांच्या सहवासात राही. आपण एकटेच असे नाही, ही जाणीव समूहोपचारातील एक गुणकारी घटक मानली जाते, आणि ती येथे योजनेवाचून घडत असावी, असे मानायला जागा आहे. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व अन्य औषधे आली. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने 1959 साली घरी राहून घेतलेला उपचारही आरोग्यधामाइतकाच परिणामकारक ठरतो, असे दाखवून दिले. रुग्ण घरी परतला, ही मोठीच सुधारणा होती. पण त्याचा समूह मोडला आणि त्याची भरपाई करण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

तसा समूह पुन्हा जमला एचआयव्हीमुळे. सांगलीत 1992 साली सुरू झालेल्या ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून 1996 साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया येथे उपचाराच्या लाभार्थी न राहता निर्णय घेणाऱ्या झाल्या. शास्त्रीय अर्थाने ही संघटना होय, मानसोपचार नव्हे. तरीही औषध आवाक्याबाहेर असलेल्या त्या वर्षांत लाज आणि मृत्यूचे भय यांना वाचा फोडण्याचे काम अशा बैठकांनीच केले. पाचगणीचे बेल-एअरही, भारतीय रेडक्रॉसकडे आल्यानंतरच्या काळात, एचआयव्हीबाधितांकडे वळले. 2004 पासून सरकारी केंद्रांत विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि समुपदेशनाचा भर स्वाभाविकपणे गोळ्या न चुकवण्यावर गेला.

समूहाने नेमके काय साधते, याबाबत अपेक्षा मधल्या काळात भलत्याच वाढल्या होत्या. अमेरिकेतील डेव्हिड स्पीगेल यांच्या 1989 च्या अभ्यासात समूहात बसणाऱ्या, कर्करोग शरीरभर पसरलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्याचे दिसले होते. 2001 साली कॅनडातील मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही, मात्र वेदना आणि मनाची तगमग कमी झाली. हा दुसरा निष्कर्ष साधा असला तरी अधिक भरवशाचा आहे.

हाच दिलासा आज डायलिसिसच्या रुग्णांपर्यंतही पोहोचवता येईल. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, त्याच खोलीत बहुधा त्याच चेहऱ्यांसोबत असतो. समूह जमवण्याचे अर्धे काम तेथे आधीच झालेले आहे. सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथील रुग्णालयांनी त्या खोलीत आठवड्यातून एक तास प्रशिक्षित समुपदेशक बसवावा.