मैदानात उतरलेला फादर

८ फेब्रुवारी १८५२ रोजी इटलीतल्या तुरीन शहरात एका स्टँप पेपरवर सह्या झाल्या. सुतारकाम शिकायला निघालेला जुझेप्पे ओदास्सो, त्याचे वडील, सुतार बेर्तोलिनो आणि फादर जोव्हान्नी बॉस्को. करारातली एक अट आजही थबकायला लावते: पोरगं चुकलं तर उस्तादानं तोंडानं सांगायचं, हात उचलायचा नाही. धंद्याबाहेरची कामं लावायची नाहीत, रविवारी आणि सणाला मोकळं सोडायचं. उमेदवार म्हणजे फुकटचा घरगडी, असं धरून चालणाऱ्या काळातला हा कागद.

मुंबईकराला डॉन बॉस्को, म्हणजे हेच फादर बॉस्को, म्हटलं की माटुंग्याची शाळा आणि प्रवेशासाठीची धावपळ आठवते. पण त्यांचा पहिला वर्ग शाळेत भरलाच नव्हता. १८४१ साली दीक्षा घेतल्यावर ते तुरीनच्या तुरुंगात जाऊ लागले. तिथं बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुलं दिसली. सुटायची, विचारपूस करणारं कुणी नसायचं, पुन्हा आत यायची. गावाकडून गवंडीकाम करायला, धुराडी साफ करायला आलेल्या अशा पोरांना शहरातला कोणताच धर्मग्राम (पॅरिश) आपलं म्हणत नव्हता. बॉस्को त्यांना रविवारी गोळा करू लागले. मिस्सा, धर्मशिक्षण आणि मग दिवसभर दंगा. त्या दंग्यापायी एकेका जागेवरून हुसकावणी होत गेली. शेवटी १८४६च्या ईस्टरला व्हाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक बसकी शेड मिळाली.

लहानपणी ते डोंबाऱ्याचे खेळ शिकले होते. दोरीवर चालून दाखवायचे आणि तिकिटाऐवजी प्रार्थना म्हणायला लावायचे. त्यामुळे झगा सावरत मुलांमागे पळणं त्यांना जड गेलं नाही. हे आपण आज कौतुकानं वाचतो. काही समकालीन धर्मगुरूंना मात्र त्यांचं डोकं फिरल्याचा संशय होता.

१८७७ साली त्यांनी आपल्या रीतीवर छोटा निबंध लिहिला. विवेक, धर्म आणि माया या तीन पायांवर शिक्षण उभं करायचं. शिक्षा करण्यापेक्षा चूक घडूच न देण्याची तजवीज करायची. निबंध प्रसिद्ध आहे, पण मला तो थोडा खटकतो. चूक घडू द्यायची नाही, म्हणजे मोठ्यांची नजर सतत पोरांवर हवी. ती सोबत केव्हा असते आणि पहारा केव्हा होतो, याचं उत्तर निबंधात सापडत नाही.

ते सापडतं १० मे १८८४च्या पत्रात. बॉस्को तेव्हा रोमला होते, थकलेले. पत्रात एक स्वप्न सांगितलं आहे. व्हाल्फ्रे हा जुना विद्यार्थी त्यांना व्हाल्डोक्कोचं १८७०च्या आधीचं मैदान दाखवतो: धावपळ, आरडाओरडा, गोष्ट सांगणाऱ्या धर्मगुरूभोवती कोंडाळं. मग बुझेत्ती आताचं मैदान दाखवतो. मुलं खांबांना टेकून कंटाळलेली, काही जिन्याआड. आणि शिक्षक? ते आपापसांत गप्पा मारत फेऱ्या घालताहेत. कुणी लांबूनच लक्ष ठेवून आहे. मुलांवर माया असून भागत नाही, ती त्यांना कळली पाहिजे, असं पत्राचं म्हणणं. ती कळायची तर मुलांना जे आवडतं त्यात आधी आपण उतरायचं.

बॉस्कोंची संस्था तेव्हा भरभराटीला आली होती. इमारती होत्या, छापखाना होता, दक्षिण अमेरिकेत माणसं पोचली होती. म्हणूनच ही तक्रार मोलाची वाटते. शेडमध्ये मुलं जमवणाऱ्या फादरला पोरांपासून लांब राहणं जमलंच नसतं. ती सोय इमारतींनी करून दिली.

पत्राचा मजकूर बॉस्कोंच्या सांगण्यावरून त्यांचे सचिव लेमोइने यांनी उतरवला. तुरीनला कारभार पाहणाऱ्या फादर रुआंनी मुलांसमोर वाचता येईल असा मसुदा मागवला. तशी आखूड प्रत तयार झाली. तिच्यात मुलांनी कसं वागावं हे होतं. शिक्षकांचे कान उपटणारा भाग गाळलेला होता.